इजिप्तची गोष्ट आणि आईचे प्रश्न

शहापूर, फेब्रुवारी

आदरणीय ताईस,
अश्विनचा सविनय जय भीम. भाऊजींच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा आहे. (त्यांनी सुचवलेलं तेल मी इकडे अजून कुणालाच सुचवलेलं नाही.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मधेच हसतेस आणि मला पुढचं सांगवत नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या शाळेत ‘देशोदेशीच्या गोष्टी’ असा वाचनाचा कार्यक्रम झाला. पोरांनी घरच्यांना घेऊन यायचं आणि एकेका वर्गाने एकेका देशाची गोष्ट वाचायची, ही कल्पना मुख्याध्यापक कृष्णराव सरांची. मनाली मॅडमना जपान आलं, मला इजिप्त. मॅडमनी जपानी पोशाख म्हणून घरातल्या गाऊनवर ओढणी करकचून बांधली होती. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई येऊन बसल्या, म्हणून जपानची सगळी गोष्ट पाठमोरी वाचली गेली.

माझं संकट वेगळं. शाळेच्या पुस्तकपेटीत पिरॅमिडची चित्रं होती, पण इजिप्तची गोष्ट नव्हती. तेव्हा मीच रचली. (मास्तर आहे, सवय आहे.) नाईलकाठी एक बाई राहते, धरण बांधलं जातं, तिचं गाव पाण्याखाली जाणार असतं. ऐटीत वाचायला उभा राहिलो, तर आपली आई पहिल्या रांगेत! मागे बसून पेंगेल असा माझा अंदाज होता. पहिलं पान संपायच्या आत तिचा हात वर.

“बाबू, त्या बाईनं चूल फोडली का तशीच ठेवली?”

मी म्हटलं, फोडली.

“काहून?”

आता काहून ते मला काय माहीत! पण त्यामुळे बाकीच्यांना धीर आला. तिकडं मेलेली माणसं जपून ठेवतात, तं गाव सोडताना त्याईले कोणी नेलं, असं नातवंडांसोबत आलेल्या धुरपताबाईंनी विचारलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या सेवकराम काकांना नाईलमधल्या मासोळ्यांची नावं हवी होती. मी घाम पुसत होतो, तेवढ्यात आई पुन्हा:

“अन् तिच्या अंगणातल्या झाडाचं काय झालं?”

गोष्टीत झाड नाही, असं मी सांगितलं.

“असन. तुले दिसलं नसन,” म्हणाली आणि उठून स्वतःच सांगायला लागली. आपलं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्या शेवटच्या सकाळी ट्रक उभा, बाबा ओरडतात, आणि ही लोटा घेऊन सीताफळाच्या झाडाला पाणी घालते आहे. ताई, मला हे माहीतच नव्हतं. तुला होतं का?

पोरं हसली. “आजी, ते तं पाण्यातच बुडणार होतं ना!”

“हो ना रे. पण त्या दिवशी त्याले तहान होती.”

माझं दुसरं पान तसंच राहिलं, आणि इजिप्तबद्दल अहवालात काय लिहावं हे कृष्णराव सरांना अजून सुचलेलं नाही.

तुझा,
अश्विन

ता.क. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्या गावाची उंचावरची बाजू उघडी पडते म्हणे. आईला तिथे जायचं आहे. माझ्यासोबत नाही, “तू लय घाई करतं,” म्हणते. आणि खरं सांगू, ती तिथे रडली तर मला काय करावं ते सुचणार नाही. तू ने. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता.क. २. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. उन्हाळ्याची वाट कोण पाहते, पाणी असलं तं पाणी पाहू, म्हणाली आणि पिशवी भरली. पत्र तिच्याच हाती देतो आहे. वाचून झालं असेल तर तिला आत घे, दारात उभी असेल.