खाडीपलीकडचा दर

चिंचपोकळी, रविवार

रामदासभावजी यांस ललितावहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत उत्तम आहे, कारखान्याची तेवढी नाही.

तुमच्या भावाने उभा केलेला हा निकेल चढवायचा कारखाना बंद पडायची पाळी आली होती, आणि अजून टळलेली नाही. आधी प्रदूषणवाल्यांची नोटीस आली, की ढाली-करंडक धुतलेलं पाणी शुद्ध केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. आता हे बरोबरच आहे (ते हिरवं पाणी मी तीस वर्षं पाहिलंय, त्यात फडकंसुद्धा बुडवलं नसतं). पण त्यासाठी बसवलेली टाकी, तिची पावडर, तिची वीज, उरलेला गाळ न्यायला येणारी गाडी, हे सगळं शेवटी एकेका ढालीच्या दरावर चढतं.

नियम मी स्वतः वाचले, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यात एके ठिकाणी होतं की शुद्ध केलेल्या पाण्यात मासे चार दिवस जगले पाहिजेत. मी लगेच बारा मासे आणून टाकीतून निघालेल्या पाण्याच्या पिंपात सोडले. आपला कुशाबा (त्याची हयात निकेलच्या हौदावर गेली) म्हणाला, "वयनी, मासे कालवणात सोडूचे असतत. हे कसले लाड?" तिसऱ्या दिवशी पाच मेले. मला जेवण गेलं नाही. मग कळलं, कुशाबाच त्यांना फरसाण घालत होता. उरलेले सात घेऊन मी तपासणीच्या मॅडमसमोर ताठ उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आजी, ही अट तुमच्या धंद्याला नाहीच." त्यांनी बाटलीभर पाणी नेलं आणि ते पास झालं. ते पत्र मी ह्यांच्या फोटोला वाचून दाखवलं. सहा वर्षं झाली, पण चांगली बातमी अजून आधी तिकडेच जाते.

इतक्यात गिरगावचे करंडकवाले गौतमशेठ आले. दहीहंडीच्या ढालींचं काम खाडीपलीकडच्या एका कारखान्याला द्यायचं म्हणतात. तो निम्म्या दरात करतो, कारण त्याच्याकडे टाकीच नाही. मी म्हटलं, आमच्या पाण्यात मासे जगतात. "बाई, मला ढाली विकायच्यात, मासे नाही." हे काम गेलं तर कुशाबासकट चौघांना घरी बसवावं लागेल. शुक्रवारपर्यंत दर कमी करा म्हणालेत.

असो. फार लिहिलं. अक्षदाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
ललिता

ता. क. खाडीपलीकडचा कारखाना तुमचा, हे गौतमशेठ बोलले नाहीत. त्यांनी आणलेली नमुन्याची ढाल कुशाबाने उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हात आपल्या रामदासचो. मीच शिकवलंय."

आणखी ता. क. मी रागावलेली नाही. तुम्हीही टाकी बसवा, एवढंच मागणं आहे. खाडीच्या भल्यासाठी म्हणाले असते, पण खोटं कशाला? टाकी बसली की तुमचा दर माझ्याएवढा होईल. शुक्रवारपर्यंत ती बसायची नाही, तेव्हा तोवर नुसता दर वाढवा.

शेवटचं. टाकीवाला मंगळवारी तुमच्याकडे येईल, पत्ता मीच दिलाय. (नवं गिऱ्हाईक मिळवून दिलं की माझ्या पावडरीला सूट आहे.) तुमचा पत्ता तपासणीच्या मॅडमही विचारत होत्या. त्यांना अजून दिलेला नाही.