वळणावरची मऊ जमीन

ती. बाबांना सादर नमस्कार,

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. पायाची सूज उतरली, आईला मात्र सांगू नका. तुमचे गुडघे काय म्हणतात?

परवा घोड्यांच्या शर्यतीच्या सकाळी गवताची धावपट्टी तपासत होतो. एरवी जमिनीत खुपसलेली सळई चार बोटं आत जाते, ती वळणावर वीतभर गेली. खालचा पाण्याचा पाइप फुटला होता, पण वरून गवत हिरवंगार! शाळेच्या मैदानावर रोलर फिरवण्याआधी तुम्ही मला अनवाणी चालायला लावायचात, तसं बूट काढून चाललो. जमीन दबत होती. तिथे भरधाव घोडा आला असता तर कोसळलाच असता.

मैदानाच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लोक येऊन बसलेत, त्यांना काय सांगू?"

"साहेब, एकदा इथे उभे राहून बघा."

ते उभे राहिले आणि बुटासकट घोट्यापर्यंत रुतले. शर्यत रद्द झाली.

लोकांनी आरडाओरडा केला. नोकरी गेलीच, असं मला वाटलं. तेवढ्यात एक वयस्कर जॉकी चालत आला. त्याने ती जागा निरखून पाहिली आणि माझे चिखलाचे हात हातात घेतले.

"माझी लेक आज पहिल्यांदाच बघायला आलीय," एवढंच म्हणाला.

नोकरी शाबूत आहे. आता मी हो म्हटल्याशिवाय घोडे सोडायचे नाहीत, असं साहेबांनी ठरवलंय.

बाबा, त्या माणसाचे आभार खरे तुमचे होते. मी ते तुमच्या वतीने घेतले.

तुमचा,
धाकटा