खांबाच्या दोन फेऱ्या

दि. १९ जानेवारी

प्रिय लंबू,

तू, वहिनी आणि तुमचं ते म्हातारं कुत्रं खुशाल असाल असं धरून चालतो. आमच्याकडे हिचा गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे.

तुझा फोटो पोचला. चौकट झकास आहे. बर्फातल्या चौकीवर तू उभा, मागे झेंड्याचा तो उंच खांब, खाली तुझी सही. कुठे लावू, असं ही विचारत होती. मी म्हटलं, आधी हिशेब होऊ दे. खांबाचे तीन तुकडे, त्याचं लोखंडी बूड आणि ताणाच्या तारा, ही हेलिकॉप्टरची एक फेरी. तू, फोटोग्राफर आणि त्याच्या पेट्या, ही दुसरी. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की एका फेरीत रॉकेलचे चारच मोठे डबे जातात. म्हणजे आठ डबे खाली तळावर राहिले. तेवढ्या रॉकेलवर चौकीतले स्टोव्ह आठवडाभर जळतात. तुम्ही खाली परतलात आणि हवा बिघडली, ती बारा दिवस उघडली नाही. तेव्हा या फोटोची किंमत एका आठवड्याची ऊब. चौकटीचे वेगळे.

फोटो परत पाठवतोय. काच फुटू नये म्हणून हिच्या जुन्या शालीत गुंडाळला आहे. शाल वहिनींनी ठेवून घेतली तरी चालेल.

'आपली नातवंडं खालच्या खोऱ्यातून हा खांब बघतील,' असं तू तिथे भाषणात म्हणालास. टाळ्याही पडल्या म्हणे. हातमोजे घातलेल्या जवानांच्या टाळ्या. त्यांचा आवाज कसा आला असेल, ते मला इथे बसून ऐकू येतं.

माझ्या कानांची तू आजवर भरपूर चेष्टा केलीस. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी जिन्यावर तुझी ट्रंक मी पाठीवर घेतली, कारण ती मला उचलवत होती आणि तुला नव्हती. वडील धान्यबाजारात हमाल आहेत, हे मी सहज सांगितलं, आणि तू माझं तेच नाव ठेवलंस. मी चिडलो नाही. अजूनही चिडत नाही. पोतं खाली टाकल्याच्या आवाजावरून ते भरलेलं आहे की कुणी मधे हात मारलाय, हे मी त्या घरातच शिकलो. पुढे रसदीच्या खात्यात सगळी नोकरी त्यावरच निघाली.

मेसमध्ये चार लोक जमले की तू ओरडायचास, "लढाई आम्ही बघतो. हमाल, तू डबा पाठव." पाठवला. पुरात पाठवला. माघारीच्या वेळी तुझी अख्खी पलटण माझ्या ट्रकांत बसून परत आली, तेव्हा तिला वाटेत गरम जेवण कुणी दिलं, तेही आठवत असेल. त्या माघारीचं पदक तुझ्या छातीवर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडे टोचायला जागाही कमी, पोट आधी येतं.

पण खांबाला मी फोनवर स्वच्छ नाही म्हटलं होतं. "अरे, एक खांब, एक तासाचं काम. म्हातारीसारखा कुरकुरतोस काय?" हे तू म्हणालास. मी म्हटलं, "उन्हाळ्यात ने, मी स्वतः खांद्यावरून चढवतो." तू हसलास. आणि दोनच दिवसांनी मला मुख्यालयातल्या बैठकीला जायचा हुकूम आला. विषय काय, तर गोदामांच्या पत्र्यांना कोणता रंग द्यावा. मी तिकडे रंगावर मत देत होतो आणि इकडे तू तळावरच्या कॅप्टनला थेट फोन लावलास. सव्वीस वर्षांची पोरगी. तिने लेखी हुकूम मागितला. मीच तिला ते शिकवलं होतं. "तुझ्या साहेबाचा साहेब बोलतोय, कागद कसला मागतेस?" हे तुझे शब्द. तिने मला सांगितले नाहीत. तळावरच्या टेलिफोन ऑपरेटरने सांगितले. त्याला तुझी नक्कलही छान जमते.

परत आल्यावर मी चौकीशी वायरलेसवर बोललो. चौकीप्रमुख म्हणाला, "सगळं ठीक आहे, साहेब." त्यांना तेच शिकवलेलं असतं. पण त्याच्या आवाजामागे एरवी स्टोव्हची फुरफुर असते. त्या दिवशी काहीच नव्हतं. मी विचारलं, "स्टोव्ह का बंद?" तो म्हणाला, "संध्याकाळी लावतो, साहेब. तासभर."

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. चौकीतल्या आचाऱ्याला काल मी रुग्णालयात भेटून आलो, ते ठाऊक नाही. उजव्या हाताची तीन बोटं काढली त्याची. पाणी गरम करण्यात रॉकेल जायला नको म्हणून तो बर्फानेच भांडी घासत होता. कुणी सांगितलं नव्हतं. मला म्हणाला, "साहेब, पीठ मळता येईल ना हो?" मी म्हटलं, येईल. इतक्या वर्षांत तुला मी कधी खोटा आकडा दिला नाही. त्याला मात्र हे सांगून आलो.

आणि घरी येऊन बघतो तर तुझा अहवाल. 'तळावरील कॅप्टनच्या नियोजनातील गंभीर त्रुटी.' त्या पोरीची नोकरी जाणार, वर हा डाग जन्मभर. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहेस आणि सोबत तुझ्या हातची चिठ्ठी, 'रसद विभागाचं प्रमुखपद तुझ्यासाठी धरून ठेवलंय.'

लंबू, तू माझा भाव विचारलास. भर बाजारात वाढलेल्या माणसाला.

प्रमुखपद मला हवं होतं, खोटं कशाला बोलू. त्या पदाबरोबर मिळणाऱ्या बंगल्याच्या पडद्यांचं कापड हिने कधीच बघून ठेवलंय. आज सकाळी मी निवृत्तीचा अर्ज दिला, म्हणजे मी पदासाठी बोलतोय असं म्हणायची सोय तुला राहू नये. ही कापडाचा नमुना कपाटात परत ठेवून आली.

सोमवारी या प्रकरणाच्या चौकशी समितीपुढे मी साक्ष देणार आहे. ऑपरेटर तयार आहे, वैमानिकही. तू माझ्या आधी आत जाशील. मी बाहेरच्या बाकावर बसेन. हुकूम माझा होता, एवढं एक वाक्य तू आत बोललास, तर मला ते बाहेर ऐकू येईल. मी तिथूनच घरी जाईन आणि पुन्हा कधी या विषयावर तोंड उघडणार नाही. नाही ऐकू आलं, तर दार मी उघडीन.

तुझी ट्रंक उचलली होती. हे ओझं त्या पोरीच्या पाठीवर चढवायला मी हात लावणार नाही.

तुझा, अजून तरी तुझाच,
हमाल

ता. क. हवा उघडल्यावर रॉकेल पोचलं. त्या बारा दिवसांत बर्फाच्या वजनाने चौकीतल्या स्वयंपाकघराचं छप्पर खचलं होतं. जवानांनी झेंडा उतरवून, नीट घडी घालून पेटीत ठेवला आणि खांब आडवा घालून छप्पर तोललं. सध्या त्यावर मोजे वाळत असतात.