हिर्श डॉक्टरांची राहिलेली पंगत

सोमवार, ता. २३ जानेवारी १९३९. इंदापूर. सकाळी पावणेनऊ.
औषधाच्या बाटल्या धूत होतो, तोच हिर्श डॉक्टर मुंबईच्या जर्मन वकिलातीतून परत आले. टोपीसुद्धा काढली नाही. पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्यावर मोठं तांबडं इंग्रजी 'जे' अक्षर! "सोपान, हा ज्यू माणसाचा शिक्का."
ज्यू आहेत, जर्मन आहेत, दोन्ही मला ठाऊक होतं. पण त्यांच्या देशाचा कायदा म्हणतो, ज्यू असेल तो नागरिक नाही. मत नाही, सरकारी नोकरी नाही, आता डॉक्टरकीही नाही.
"मग तुम्ही कुठले?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

ता. २४
आज सुया उकळताना डॉक्टर माझ्याकडे पाठ करूनच बोलले. वडील मागच्या लढाईत त्याच देशासाठी लढताना मेले. आईला आता तिथल्या बागेत बाकावर बसायची बंदी. बाकावर!

रविवार, ता. २९
निरवांगीचे रावजीआबा गुडघा दाखवायला आले. गावचे पंच. माझ्या तोंडून सगळं निघून गेलं.
"म्हंजी वाळीत टाकलं म्हना की! डाक्टर, गुन्हा काय केला तुमी?"
"काही नाही, आबा."
"गुन्ह्याबिगर वाळीत? बरं, दंड किती सांगितलाय?"
"दंड घेतला. दुकानं, घरं घेतली. तरी परत घेत नाहीत."
"दंड घिऊन बी? त्ये पंच न्हाईत, दरोडेखोर हायेत!"
डॉक्टर हसले. पुष्कळ दिवसांनी.
आबांनी आपल्या भावाची गोष्ट सांगितली. कुंडलिकतात्यांना जातीनं वाळीत टाकलं होतं. पाच जणांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथेवर "आमचाच हाय" म्हटलं, पंगत घातली, मिटलं. "तुमचं बी मिटंल. पंगतीचं आमी बघतो."

ता. १२ फेब्रुवारी
आबा खरंच गावातून पैसे जमवत आहेत! निरवांगीची रंगूबाई म्हणाली, "माज्या अडलेल्या सुनंची सुटका केली त्येनी. जर्मन न्हाईत म्हनणारे येडे हायेत का?" तिनं चार आणे दिले. पैसे माझ्याकडे ठेवले आहेत. डॉक्टरांना सांगायचं नाही.

ता. ३० जून
आईचं पत्र नाही. डॉक्टर रोज पोस्टाकडे जाऊन येतात.

सोमवार, ता. ४ सप्टेंबर
काल इंग्रजांची जर्मनीशी लढाई जाहीर झाली. आज फौजदार दवाखान्यात.
"जर्मन ना तुम्ही?"
"नाही. त्यांनी मला काढून टाकलं."
"मग कुठले?"
गुडघ्यासाठी बसलेले रावजीआबा काठी टेकत उठले. कनवटीचा भंडारा काढून कपाळाला लावला.
"फौजदारसायेब, पक्कं जर्मन हायेत. पंच म्हनून सांगतो. आजून चार साक्षी आनू का?"
फौजदारानं लिहून घेतलं.
डॉक्टरांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "किती वर्षांनी कुणी मला पक्का जर्मन म्हणालं, आबा."

ता. ६
आज डॉक्टरांना नगरच्या नजरकैदेच्या छावणीत नेलं. हुकुमात लिहिलं आहे: शत्रुदेशाचा नागरिक.
आबा दारातच बसून होते. "माजी साक्ष उलटी पडली व्हय रं?"
"त्यांनी तसंही नेलंच असतं, आबा," मी म्हणालो. खरं-खोटं मला माहीत नाही.

पंगतीसाठी जमा: नऊ रुपये.
खर्च: डॉक्टरांच्या शिदोरीला सहा आणे.
देणं: पंगत.