जांभळा करगा

बाबा, तुमच्याशी मराठीत बोलायला मला फार उशीर झाला. घरी तुम्ही मराठीत विचारायचात आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. रायपुरात माझ्या वयाच्या सगळ्यांचंच तसं होतं, पण तुम्हाला ते लागत असणार. तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं झाली. मी इथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. या आठवड्यात उत्क्रांतीचा धडा होता, आणि त्या धड्याला दरवर्षी मला तुमची गरज पडते.

ज्या धानाच्या फार्मवर तुम्ही निंदणीच्या बायांचे मुकादम होतात, तिथून आता नवा रायपुरकडे जाणारा रुंद रस्ता गेलाय. त्या जागेवरून गाडी नेताना मी आजूबाजूला बघत नाही. तिथे तुमचा एकच वैरी होता, करगा. धानातच उगवणारं जंगली धान. लोंब येईपर्यंत हुबेहूब पिकासारखं दिसायचं, आणि कापणीच्या आधीच दाणे मातीत सांडून मोकळं व्हायचं, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हजर. हिरव्यात हिरवं ओळखायचं कसं? म्हणून फार्मवर जांभळ्या पानांचं धान पेरायला लागले. जांभळं ते आपलं, हिरवं दिसलं की उपटा. पहिल्या निंदणीच्या दिवशी तुम्ही चिखलाच्या पायांनीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहता. ‘‘आता लपून दाखव म्हणा लेकाले!’’ आई म्हणते, आधी पाय धुवा. तुम्ही तसेच हसत उभे.

पाच-सहा हंगाम गेले, आणि जांभळ्या शेतात करगाही जांभळा निघायला लागला.

त्याच वर्षी आमच्या बी.एस्सी.च्या वर्गाची सहल फार्मवर आली. तुम्ही चिखलात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होतात, मुलीचे दोस्त येणार म्हणून. बांधावरून एक जांभळं रोप उपटून तुम्ही सगळ्यांना दाखवलंत आणि अगदी कौतुकानं म्हणालात, ‘‘करगा बड़ा हुशियार है। देख लिया कि हम हरा उखाड़ते हैं, तो रंग ही बदल लिया।’’ पोरं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तावातावानं म्हणाले, ‘‘पौधा कुछ नहीं सोचता, बाबा। ये आप ही ने बनाया है। हर साल हरा उखाड़-उखाड़ के।’’ पोरं आणखी हसली. तुम्ही हातातल्या रोपाकडे पाहत मराठीत विचारलंत, ‘‘मीच बनवला?’’

मी म्हणाले, ‘‘और कौन।’’

घरी तुम्ही ताटावर बसून होतात, घास तसाच. ‘‘मंग काय करा लागत होतं वं? उपटाच नाही पाहिजे होता का? बारा वर्षं मी काय करून राहिलो मंग?’’ मैत्रीण खाली स्कूटीवर थांबली होती, आम्हाला पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला जायचं होतं. मी ओढणी सारखी करत म्हणाले, ‘‘बाद में बताती हूँ।’’ पुढच्या हंगामात तुम्ही कामावर गेलात, पण निंदणीच्या बाया आईला सांगायच्या की भैया आता रोप उपटण्याआधी नुसते त्याच्याकडे बघत बसतात. त्या हिवाळ्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं, आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत, आणि मी कधी सांगितलं नाही.

आता सांगते. करग्यानं काही पाहिलं नव्हतं, आणि तुम्ही काही बनवलं नव्हतं. मीच अर्धवट शिकलेलं तोंडावर फेकलं. वाऱ्यानं जांभळ्या धानाचे पराग जवळच्या करग्यावर पडले, म्हणून पुढे त्याची थोडी रोपं जांभळी उगवली. तुम्ही हिरवी उपटलीत, ही हातून सुटली. त्यांचेच दाणे मातीत पडले, पुढच्या वर्षी तीच जास्त झाली. एवढंच. आईच्या चाळणीतून पीठ खाली पडतं त्यात पिठाची हुशारी नसते, आणि चाळणीचा गुन्हाही नसतो. झाडं काय, पाखरं काय, आपण काय, सगळे असेच सुटत सुटत इथवर आलोत. तुमच्या जागी कोणाचाही हात असता तरी हेच झालं असतं, आणि निंदलं नसतंत तर पीकच हाती आलं नसतं. करायचं काय होतं म्हणता? मधूनमधून पुन्हा हिरवं धान पेरायचं होतं. मग तो जांभळा करगाच शेतात उठून दिसला असता आणि तुम्ही त्याला हसत हसत उपटलं असतंत. इतकं सोपं होतं, बाबा. पाच मिनिटं तुमच्या ताटाजवळ बसले असते तर मला तेव्हाही सुचलं असतं. मी बसले नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती आईलाही सांगितलेली नाही. दरवर्षी मी हा धडा तुमच्याच वाक्यानं सुरू करते. एक किसान कहता था, करगा बड़ा हुशियार है. वर्ग हसतो. मुलं हसली की धडा सोपा जातो, म्हणून मीही हसते. या मंगळवारी मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर करून विचारलं, ‘‘मॅडम, वो किसान कौन था?’’

मी फळ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘था कोई। गाँव का।’’

तिनं ते वहीत लिहून घेतलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती, बाबा.