व्हायब्रेशन: होय

४ नोव्हेंबर
भाऊबीज उरकून कळवणहून सिन्नरला आलो एकदाचे! राजूला एमआयडीसीत नोकरी लागली आणि शेखरदादांच्या घराची वरची खोली भाड्याने मिळाली. आमची आठ महिन्यांची आरोही नव्या फरशीवर अशी रांगत सुटली की विचारू नका. मलाही घरबसल्या काम मिळालं. दादांचं कपाट जुन्या व्हिडिओ गेमच्या सीडींनी भरलंय. एकेक गेम लावायचा. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची दांडी चालते का, गाडी धडकली की कंट्रोलर हातात थरथरतो का, ते बघून कॉम्प्युटरवर होय-नाही लिहायचं. जुन्या गेमचे शौकीन ही यादी बघतात म्हणे. बघू देत बापडे. आधी दादा स्वतःच करायचे, आता हाताला जमत नाही म्हणाले. चहाचं उकळतं पातेलं मात्र सांडशीशिवाय उतरवलं त्यांनी! मी ओरडलेच. सवय आहे म्हणाले.

१० नोव्हेंबर
काम झकास आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, खेळायची कुठं नोकरी असती का.
आज एक घोळ झाला. एक फारच जुना गेम लावला. तो निघाला तेव्हा थरथरणारे कंट्रोलर बाजारात आलेच नव्हते, म्हणून मी डोळे झाकून 'नाही' लिहिलं. आणि कंट्रोलर चांगला घूं घूं करत थरथरला. दादांना विचारलं. ते म्हणाले, थरथरला ना, मग होय लिही.

१५ नोव्हेंबर
आता सगळेच गेम थरथरतात. पत्त्यांचासुद्धा! पत्त्यांत कोण कुणाला धडकतंय?
बोटं बधिर झालीत. भाकरी थापताना पीठ हाताला जाणवत नाही. राजू म्हणतो, दिवसभर ते डबडं धरून बसतेस, दुसरं काय होणार.

१९ नोव्हेंबर
आरोहीच्या कपाळावर हात ठेवला. काहीच कळलं नाही. राजूने उचललं, तर म्हणाला, अंग नुसतं भाजतंय हिचं, तुझं लक्ष कुठं असतं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. पोरीला कुशीत घेते तर उशी घेतल्यासारखं वाटतं. आईने असं लिहू नये.

२१ नोव्हेंबर
दादांना सरळ विचारलं, तुमचे हात कधीपासून असे. ते म्हणाले, आधी हात जातात, मग बाकीचं, पण तोवर त्रास वाटेनासा होतो. मी म्हटलं, काम सोडते. बरं, म्हणाले. एवढंच.

२२ नोव्हेंबर
कंट्रोलर परत द्यायचा होता. एकदा लावून बघितला. आता माझ्या हातात थरथरत नाही, घूं घूं आवाजही नाही. कुठलाच गेम नाही. माझ्यातलं त्याला घ्यायचं ते संपलं असणार. घाबरायला हवं —

२३ नोव्हेंबर
भाजी निवडत होते. वळून बघते तर परत द्यायचा राहिलेला कंट्रोलर आरोहीच्या हातात. वायर लोंबतेय, गेमचं मशीन बंद — आणि तो जोरजोरात थरथरतोय. ती खिदळतेय. हिसकावून घेतला. किती वेळ होता तिच्याकडे — मी पाठमोरी —

२७ नोव्हेंबर
गोवरची लस. नर्सबाई म्हणाल्या, इतकं शहाणं बाळ बघितलं नाही, सुई टोचली तरी हसतंय. रांगेतल्या बायकांनी कौतुक केलं. मीही हसले.
घरी आल्यावर तिच्या पायाला चिमटा काढला. जोरात. नखांची खूण उठली. ती माझ्याकडे बघून नुसती —