भुरीला गोणी दाखवू नका

महिला बरॅक, पोलीस प्रशिक्षण केंद्र
३ नोव्हेंबर २०२४

ति. अप्पांच्या सेवेशी,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. इथे फोन आठवडाभर जमा असतो आणि रविवारी तासभर हातात मिळतो. त्या तासात घरी फोन लावावा, तर तुमचा फोन आपल्या भुरी मांजरीने म्हशीच्या हौदात ढकलल्याचं आईच्या पत्रातून कळलं. बेल वाजली की ती दचकते हे ठाऊक असून तुम्ही तो हौदाच्या काठावर ठेवलात, म्हणून या गुन्ह्यात मी तिला दोषी धरत नाही. कापूस विकेपर्यंत नवा फोन घेणार नाही म्हणालात, मग पत्राला पर्याय नाही.

आईने असंही लिहिलंय, की भुरीचा एक गाल सुजलाय. दुधाला तोंड लावते आणि ओरडून मागे सरते. अप्पा, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. परतूरला डॉक्टर ज्योत्स्नाबाई आहेत, त्या कुत्री-मांजरं बघतात. तिला तिकडे घेऊन जा. मात्र काही झालं तरी गोणीत घालून नेऊ नका. भरतीच्या सरावाहून येताना ती मला फाट्यावर कशी सापडली, आठवतं ना? खताच्या गोणीत, गोणीचं तोंड सुतळीने आवळलेलं. कुणीतरी नदीपल्याड सोडायला निघालं असणार आणि तेवढीही तोशीस नको म्हणून फाट्यावरच टाकून गेलं. तेव्हापासून कुणी गोणी नुसती झटकली तरी ती पत्र्यावर जाऊन बसते.

माझं बरं चाललंय. पळवतात खूप, आणि वरण फार पातळ असतं. एक सांगते, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही माझी बॅग गेटवर ठेवलीत आणि असे निघालात, की एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. बाकीच्या पोरींचे वडील डोळे पुसत होते, माझे वडील एसटी धरायला पळत होते. बरॅकमध्ये अजून माझी यावरून थट्टा होते.

आईला नमस्कार. भुरीच्या डोक्यावरून हात फिरवा. तुम्ही फिरवणार नाहीच, तर आईला फिरवायला सांगा.

आपली लाडकी (असा माझा समज आहे),
तृप्ती

आष्टी, ता. परतूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. तृप्ती हिस अप्पाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने ते पारावर सगळ्यांदेखत दिलं. वर पोलिसांचं नाव बघून साहेबरावने विचारलं, केस कसली आहे. मी म्हटलं, मांजरीची. तो हसला नाही. वकील बघून ठेवू का म्हणाला.

आता तुझ्या मांजरीविषयी. मांजर तुझी आहे, हे आधी लक्षात घे. मी म्हैस पाळतो, ती दूध देते. मांजर दूध पिते. मला एवढा व्यवहार कळतो. तरी तुझा शब्द म्हणून मंगळवारी तिला न्यायची तयारी केली. गोणी नको म्हणालीस, म्हणून कोंबड्या झाकायचं डालं आणलं, एका बाजूने उचलून धरलं आणि आत दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा ठेवला. भुरी आली. तिने डाल्याला एक प्रदक्षिणा घातली आणि निघून गेली. आत नंदाबाईची तांबडी कोंबडी शिरली आणि भाकरी खाऊन गेली.

मग तुझ्या आईने टीव्हीचं जुनं खोकं काढलं. त्यात मात्र भुरी आपणहून उतरली. मी झाकण लावलं. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण त्या वेळी मांजर माझ्या तोंडावर होती. हाताला आणि नाकाला हळद लावली आहे. ती बाभळीवर चढली, मी खाली उभा, आणि अख्खी गल्ली सल्ला द्यायला हजर. नंदाबाई आपल्या ओट्यावरून मोठ्याने म्हणाली, की गोणीत घालावं आणि मोकळं व्हावं. भुरीने तिचं दूध सांडल्यापासून ती आणि तुझी आई बोलत नाहीत, त्यामुळे सल्ला नेमका कुणाला होता ते कळलं नाही.

दिवस मावळल्यावर बया आपली आपण खाली आली आणि बाजेवरच्या माझ्या स्वेटरात शिरून झोपली. त्या स्वेटरावर आता इतके केस आहेत की ते झटकलं तर दुसरी मांजर निघेल. सूज वाढली आहे. पाणीसुद्धा कमी पिते. या आठवड्यात काहीतरी करतो.

गेटचं म्हणशील, तर एसटी खरंच सुटत होती. तुझ्या मैत्रिणींना तसं सांग.

जेवत जा. वरण पातळ असेल तर दोन वाट्या घे.

तुझा
अप्पा

महिला बरॅक
१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

श्री. रखमाजी यांस,
नमस्कार. आज शिरसाष्टांग नाही, साधाच.

फोन हातात आल्या आल्या नंदाबाईंचा कॉल आला. त्यांनी शपथेवर सांगितलं, की बुधवारी सकाळी तुम्ही कुणाशी न बोलता घाईघाईने फाट्याकडे गेलात. तेव्हा तुमचं पोट खूप पुढे आलेलं होतं. संध्याकाळी परत आलात ते काखेत रिकामी गोणी घेऊन, आणि पोट जागेवर गेलेलं होतं. त्या दिवसापासून भुरी कुणाला दिसलेली नाही. रखमाजीने मांजर नदीपल्याड सोडली, असं सगळं गाव म्हणतंय म्हणे. पोटाचा मुद्दा मला कळला नाही, पण त्याची नोंद घेतली आहे.

अप्पा, मांजर कुठे आहे?

इथे आम्हाला शिकवतात की आधी पुरावा बघा, मग मत बनवा. पण रिकामी गोणी हा पुरावाच आहे. घरून गोणी नेल्याशिवाय ती रिकामी परत येत नाही. तुम्हाला भुरी नको होती हे मला माहीत आहे. पण वरून कडक असलात तरी तिला आजारी असताना टाकून याल असं मला वाटलं नव्हतं. एकदा टाकलेल्या जनावराला कुणी पुन्हा टाकतं का? तिला तर वाटलं असेल, की आता आपलं घर आहे.

वाचून झाल्यावर लगेच उत्तर टाका. मला इथे कवायतीत लक्ष लागत नाही. काल डावीकडे वळ म्हटल्यावर मी उजवीकडे वळले आणि सगळ्या तुकडीला माझ्यामुळे मैदानाला फेरी पडली.

तृप्ती

आष्टी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. तृप्तीला आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे बाजेवर बसले ते बसलेच. उत्तर लिहा म्हणलं, तर म्हणतात आरोपीनं काय लिहायचं. म्हणून मीच लिहून राह्यले. माझं शुद्ध-अशुद्ध बघू नको.

पोरी, मांजर परतूरला डॉक्टरीणबाईकडं हाय. बुधवारी ती यांच्या स्वेटरात झोपली व्हती. यांनी तिला उठवलं न्हाई, हळूच तसंच स्वेटर अंगात घातलं अन् वरून उपरणं गुंडाळलं. ती आत निजूनच राह्यली. ते पोट तिचं व्हतं. जीपमधी एका बाईनं यांना बसायला जागा दिली, बिमार दिसतात म्हणून. मंग खड्डा आला अन् उपरण्यातून शेपूट बाहेर पडलं. बाई जीप थांबवून उतरली.

गोणीचं ऐक. म्हशीची सरकी संपल्ती, म्हणून ती आणायला गोणी नेली व्हती. पण भुरीला दिसू नये म्हणून पेपरात गुंडाळून, वरून दोरा बांधून, पुस्तक नेल्यासारखी नेली. येताना गोणी उघडी व्हती, कारण जिच्यापासून लपवायची ती बरोबर नव्हती. अन् रिकामी का, तर सरकी आणायची ध्यानातच राह्यली न्हाई. म्हैस दोन दिवस माझ्याकडं बघून ओरडली.

तिची दाढ किडली व्हती, आत गळू झाल्तं. दाढ काढली, पण रोज जखम धुवायची म्हणून बाईनं तिला ठेवून घेतलं. तिथं ती कुणाच्याच हातचं खाईना. मंग हे रोज पहिल्या जीपनं जातात, तिला चारतात, अन् रात्र पडल्यावर येतात. स्वेटर तिच्यापाशी ठेवलंय, हे कुडकुडत येतात. गावात सांगतात, मोंढ्यात कापसाचा भाव बघायला जातो. रोज भाव बघणारा माणूस कापूस विकत कसा न्हाई, असं साहेबरावनं विचारलं. यांनी सांगितलं, अजून मनासारखा भाव न्हाई.

अन् कापसाचं तुला ठाऊक न्हाई. यंदा आपला सगळा कापूस माझ्या लुगड्यात अन् चादरीत बांधलाय. गोणी दिसली की ती पत्र्यावर चढती, म्हणून यांनी सरकीची एक सोडून घरातल्या सगळ्या गोण्या साहेबरावच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन टाकल्या. लोकांना सांगतात, चादरीत कापसाला हवा लागती.

तू पोलीस झाली, चांगलं झालं. पण नंदाबाईला साक्षीदार धरशील तर नोकरीत काही खरं न्हाई. बापाला चार वळी लिही. लई मनाला लावून घेतलंय.

तुझी आई
दैवशाला

महिला बरॅक
२९ नोव्हेंबर २०२४

ति. अप्पांच्या चरणी,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि., या वेळी मनापासून.

आईचं पत्र मी बरॅकमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. जीपमधली बाई उतरली तिथे सगळ्या पोरी हसून लोळल्या. कापूस चादरीत बांधलाय, इथपर्यंत आले आणि मला पुढे वाचता आलं नाही. एका मैत्रिणीने उरलेलं वाचलं.

अप्पा, मी चुकले. तुम्हाला न विचारता तुमच्यावर आरोप केला. पाया पडून माफी मागते. माझा नंदाबाईंवर एवढ्या लवकर विश्वास का बसला, याचा मी विचार केला. खरं कारण लिहिते. पहिले दोन महिने मला इथून पळून यावंसं वाटायचं. दोनदा तर मी सामान भरलं होतं. तुम्ही मला गेटवर ठेवून न बघता गेलात ते मी पत्रात थट्टेने लिहिलं, पण मला ती थट्टा नव्हती. घरातून एक खाणारं तोंड कमी झालं म्हणून तुम्ही सुटलात, असं मला वाटत राहिलं. मग भुरीला सोडून तुम्ही रिकामे परत आलात हे ऐकलं आणि तेच खरं ठरल्यासारखं वाटलं.

आता मी ठीक आहे. डावं-उजवंही बरोबर येतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचं दीक्षांत संचलन आहे. आई-वडिलांना बोलावतात. तुम्हाला कापसातून, भुरीतून वेळ झाला तर या. नाही जमलं तरी मी रागावणार नाही.

भुरी काय खाते ते कळवा. लोभ होता तसाच ठेवा, याहून जास्त मागायला तोंड नाही.

आपली
तृप्ती

आष्टी
८ डिसेंबर २०२४

चि. तृप्ती हिस अप्पाचे अ. उ. आशीर्वाद, माफीनाम्याच्या पोचेसह.

आरोपी सुटला. मांजर गेल्या रविवारी घरी आली. एक दाढ कमी झाली आहे, आवाज मात्र वाढला आहे. भाकरी दुधात कुस्करून दिली तर खाते, कोरडी दिली तर माझ्याकडे असं बघते की मीच उठून दूध आणतो. नंदाबाई पुरावा बघायला म्हणून वाटीभर दूध घेऊन आली. भुरी ते प्यायली. तुझ्या आईने चहा टाकला. दोघी आता बोलतात, इतक्या बोलतात की मला शेतात बरं वाटतं.

मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मांजर टाकली म्हणालीस त्याचं कमी वाटलं. तुझ्या माफीच्या पत्राचं जास्त वाटलं, कारण त्यात चूक माझीही आहे आणि ती मला माहीत नव्हती.

त्या दिवशी गेटवरच्या शिपायाने आम्हा आई-बापांना बाजूला घेऊन सांगितलं, की पोरीला आत सोडलं की सरळ निघायचं, मागे बघायचं नाही, बघितलं की पोरी रडतात आणि आत जात नाहीत. मी ऐकलं. बाकीच्यांनी ऐकलं नाही, ते हुशार निघाले. एसटी सुटत होती असं तुला लिहिलं. सुटत होती खरी, पण मी तीत बसलो नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो. तुम्हाला मैदानावर रांगेत उभं केलं तेव्हा भिंतीवरून नुसती डोकी दिसत होती, त्यातलं तुझं कोणतं ते काही ओळखता आलं नाही. टपरीवाल्याने चौथ्या चहाला पैसे घेतले नाहीत.

परतूरला डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी पहिल्या दिवशी नेमकं तेच सांगितलं. मांजरीची नजर चुकवून हळूच निघा म्हणाल्या, म्हणजे ती त्रास करून घेणार नाही. बाई शिकलेल्या आहेत, त्यांचं बरोबरच असेल. पण एकदा मी असं ऐकून आलो होतो, म्हणून या वेळी ऐकलं नाही. पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून बसलो आणि निघताना रोज तिला सांगून निघालो, की उद्या येतो. तिला काय कळलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी तिने ओरडणं सोडलं आणि खायला लागली. तुलाही असं सांगून निघालो असतो तर तुझं सामान दोनदा भरायचं वाचलं असतं.

खाणाऱ्या तोंडाचं पुन्हा लिहू नकोस. तू गेल्यापासून तुझी आई तुझी भाकरी चुकून थापतेच, आणि ती मला खावी लागते. नंदाबाईने बघितलेल्या पोटात थोडा भाग त्याचाही असेल.

संचलनाला मी आणि तुझी आई येतोय. मांजरीजवळ नंदाबाई राहील, तिनेच म्हटलंय. मी आदल्या दिवशीच येऊन त्या टपरीवर बसेन, म्हणजे गर्दीत पुढची जागा मिळेल. या वेळी गेटवर सोडायला येत नाही, घ्यायला येतोय. पुढे ड्यूटी कुठेही लागो, आधी चार दिवस घरी.

एक काम कर. तुझी ती मोठी बॅग तिथेच कुणाला तरी देऊन टाक. घरात भुरीसमोर बॅग आणता येणार नाही, तिला ती गोणीच वाटेल. सामान चादरीत बांधून ठेव. गाठोडं मी उचलीन.

तुझाच
अप्पा